जनका लोखंड वाजवून घ्यायची

माझी बायको जनका सकाळी चहा ठेवून खाली बसली आणि परत उठली नाही. मी दारात दात घासत होतो. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून आत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे. मी आधी गॅस बंद केला, मग तिला हाक मारली. असं का केलं ते मला अजून कळत नाही.

डोंगरकड्याहून डॉक्टर आले. त्यांनी मनगट धरलं, छातीला नळी लावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग घर माणसांनी भरलं. माझी मुलगी ज्योती पुसेगावला दिलेली आहे, ती निघाली. मुलगा प्रेमानंद वाळूजला कंपनीत आहे, तोही निघाला, पण त्याला यायला दुपार कलणार होती. तो येईपर्यंत खड्डा तयार ठेवायचा, असं भावकीनं ठरवलं.

आमच्याकडे आता बरेच जण जाळतात. जुनी माणसं पुरायची. जनकाचं मात्र कधीचंच ठरलेलं होतं. आमची थोरली लेक सरिता लहान असतानाच तापानं गेली. तिला आम्ही शेताच्या वरच्या अंगाला, मुरमाच्या पट्टीत, निंबाखाली पुरलं. तिथं पीक येत नाही. जनका खुरपायला गेली की दुपारची भाकर त्या निंबाखालीच खायची. बाकीच्या बाया विहिरीवर बसायच्या, ही तिथं. अधूनमधून मला म्हणायची, "मला सरितापाशी ठिवा. जाळू नगा. लेकराला लई दिवस एकटं ठिवलं आपण." मी दर वेळी हो म्हणालो होतो. त्या दिवशी मला तेवढंच करायचं होतं.

घरच्या माणसानं खड्ड्याला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. खड्डा भावकी खोदते. म्हणून मी जनकाच्या उशाशी बसून राहिलो. बायांनी तिला पांढरी साडी नेसवली होती. माझा चुलत भाऊ रामजी गडी घेऊन शेतात गेला होता. ऊन चढायच्या आतच तो परत आला आणि दारातून मला खुणावू लागला.

"दादा, टिकाव मोडला."

"दुसरा घे."

"दुसरा वाकला. खाली पाषाण लागला हाय. गुडघ्याइतकं गेलो अन् आडलं."

"आपली कुदळ?"

"ती कुदळ हाय का चमचा? सारी झिजली की ती."

आमची कुदळ खरंच झिजून तळहाताएवढी उरली होती. पहार होती, चांगली जड, जनकानं घेतलेली, पण ती मागच्या उन्हाळ्यात शेतातल्या आखाड्यावरून चोरीला गेली. रामजी म्हणाला, "मी डोंगरकड्याला जातो. उत्तमसिंगकून नवा माल आणतो."

मी म्हणालो, "जा."

डोंगरकड्याच्या रस्त्यावर उत्तमसिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावांचं लोखंड पूर्वीपासून तिथूनच यायचं. विळा, खुरपं, कुऱ्हाड, टिकाव, पहार, सगळं. उत्तमसिंगच्या वडिलांना लोक मोठे शेठ म्हणायचे. ते नांदेडच्या लोहारांकडून माल घडवून घ्यायचे आणि प्रत्येक नगावर आपल्या दुकानाचा शिक्का मारून घ्यायचे. अर्धा चांद. लोखंड तापलेलं असतानाच तो ठोकलेला असायचा. दांडा बदलला, धार झिजली, तरी तो चांद जायचा नाही. दुकानाच्या उंबऱ्यापाशी त्यांनी एक काळा दगड रोवला होता. गिऱ्हाइकानं कोणताही नग उचलावा आणि त्या दगडावर वाजवून बघावा. खोटा वाजला तर शेठ तो बाजूला टाकायचे, पुन्हा विकायचे नाहीत.

मला तो आवाज कधी कळला नाही. जनकाला कळायचा. ती लोखंडाचं काम करणाऱ्या घरातली नव्हती, कुणी तिला शिकवलंही नव्हतं. ती नग सैल हातानं धरायची, दगडावर टेकवल्यासारखा मारायची आणि मान वाकडी करून थांबायची. मी विचारायचो, "काय ऐकून राहिली?" ती म्हणायची, "चांगल्या लोखंडाचा आवाज लवकर मरत न्हाई. हातात येतो." मी वाजवून बघायचो. मला सगळे सारखेच वाटायचे. मग ती माझ्या हातातून काढून घ्यायची. गावातल्या बायाही बाजारच्या दिवशी तिलाच सोबत न्यायच्या.

मोठे शेठ गेल्यावर दुकान उत्तमसिंगकडे आलं. त्यानं काचेचं काउंटर केलं, शटर बसवलं, रंगाचे डबे आणि नळ ठेवले. दगड तसाच राहिला. पण माल हळूहळू बदलला. रंग छान, निळा आणि लाल. चांदही होता, पण कागदाचा, चिकटवलेला. जनका तेव्हाही दगडावर वाजवायची आणि उत्तमसिंगशी भांडायची.

"आरं उत्तम, ह्यो टिकाव न्हाई, पापड हाय."

"मामी, पापड पाह्यजे असंल तर किराणात जा. इथं टिकावच भेटतो."

"तुह्या बापानं ह्यो दुकानात घेतला नसता."

"बाबाचं वजन बी जादा व्हतं न मामी. जमाना हलक्याचा हाय."

तो हसायचा. तीही हसायची, पण घ्यायची नाही. शेवटी शेवटी तिनं तिथं जाणंच सोडलं. जुन्यावरच भागवू, म्हणाली. म्हणून कुदळ एवढी झिजली.

रामजी नवे टिकाव आणि एक पहार घेऊन आला. माझ्यानं घरात बसवेना. मी त्याच्या मागे शेतात गेलो. आठ दिवस पाऊस झालेला, पाणंदीत पोटरीपर्यंत चिखल. जेसीबी आणायचं कुणीतरी बोललं होतं, पण त्या पाणंदीत सकाळी रिकामा ट्रॅक्टरच रुतून बसला होता. खाली काळ्या मातीत खोदावं तर हातभरावर पाणी लागत होतं. शिवाय जनकाला तिथं नाही, वरच ठेवायचं होतं.

निंबाखाली खड्डा होता. सरिताच्या जागेला लागूनच. गड्यांनी वरचा मुरूम काढला होता आणि खाली पिवळट दगड उघडा पडला होता. पुरा दगड नव्हे, पण मुरूम दाबून दाबून झालेला, तसा.

पहिल्या गड्यानं नवा टिकाव उचलून मारला. टोक दुमडलं. त्यानं तो वर घेऊन बघितला. त्याला खरं वाटेना. पुन्हा मारला तेव्हा दांडा बसवायच्या भोकापाशी लोखंड फाटलं आणि टिकावाचं डोकं त्याच्या पायाजवळ पडलं. दुसरा टिकाव थोडा वेळ चालला. मग तोही गेला. फाटलेल्या जागी आत बघितलं तर पोकळ होतं, पत्र्याला पत्रा जोडलेला.

"हळू मार बाबा," कुणीतरी म्हणालं, "लोखंड हाय, त्याला दुखंल."

दोघं हसले. मग मी उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गप्प झाले. मला राग आला नाही. जनका असती तर तीही काहीतरी बोलली असती.

पहार रामजीनं स्वतः घेतली. दोन्ही हातांनी उचलून सरळ खाली सोडली. दगडावर पांढरा ठिपका उमटला. त्यानं ती सांधीत घालून जोर लावला आणि पहार वाकली. मोडलीही नाही. वाकून तशीच राहिली. रामजीनं ती खड्ड्याच्या काठावर टाकली आणि कपाळ पुसलं. "हिनं वरण बी घोटता यायचं न्हाई, दादा."

खड्डा गुडघ्याच्या थोडा वर होता. निदान छातीइतका पाहिजे. आमच्या भागात रानडुकरं आहेत. हळदीच्या वाफ्यांत रोज उकरतात. एवढ्या उथळ जागी जनकाला ठेवलं तर काय होईल ते प्रत्येकाला माहीत होतं.

तेवढ्यात गावातून निरोप आला, प्रेमानंद पोचला.

मी घरी आलो तेव्हा तो आईच्या पायावर डोकं ठेवून रडत होता. ज्योती त्याला धरून बसली होती. मला बघितल्यावर तो उठला, तोंड धुतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "खड्डा झाला का?"

मी सांगितलं.

"बाबा, मंग स्मशानात नेऊ. शेड हाय. लाकडाचं मी बघतो."

"तिनं जाळू नगा म्हणलं व्हतं."

"म्हणली व्हती, माहीत हाय मला. पण किती वेळ ठिवायचं तिला असं? सकाळपासून झालं. लोक बोलून राहिले."

"बोलू दे."

"ती गेली, बाबा. तिला आता काय कळणार हाय?"

"मला कळंल," मी म्हणालो.

चांगला पोरगा आहे. त्याला आईची काळजी होती, मलाही होती. घरात माश्या आल्या होत्या आणि ज्योती पदरानं त्या वारत होती. मी ते बघितलं. मी म्हणालो, "दिस टेकायच्या आत जर काम झालं न्हाई, तर तू म्हणशील तसं करू."

"बरं," तो म्हणाला.

मी चप्पल घातली आणि रामजीला गाडी काढायला सांगितली. रामजीला माल कळत नव्हता. मलाही कळत नव्हता, पण आता मलाच जायला हवं होतं. माझी चुलती मिराबाई ओट्यावर बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "भीमराज, बायकू घरात पडली हाय अन् तू बाजारला निघाला?"

"टिकाव आणायला चाललो, काकू."

"टिकाव आणायला दुसरं कोणी न्हाई का गावात?"

वाकलेली पहार मांडीवर आडवी धरून मी रामजीच्या मागे बसलो.

दुकानात एक गिऱ्हाईक खुरपी निवडत होतं. उत्तमसिंग मला बघून काउंटरच्या बाहेर आला. "मामा, तुमी काहून आले? रामजीभाऊकून कळलं मला मामीचं. बसा. पाणी घ्या."

मी पहार काउंटरवर ठेवली. त्यानं ती बघितली.

"बदलून देतो, मामा. आत्ता देतो." तो आत गेला आणि दुसऱ्या पहारी घेऊन आला, टिकावही आणले. सगळे निळे. सगळ्यांवर कागदाचा चांद.

मी एक पहार उचलली आणि उंबऱ्यापाशी गेलो. काळा दगड मधोमध खळगा पडून गुळगुळीत झाला होता. मी जनकासारखी पहार सैल धरली आणि दगडावर मारली. थप् असा आवाज आला. मी मान वाकडी करून थांबलो. दुसरी मारली. तसाच आवाज. तिसरी, मग टिकाव. सगळे सारखे. मला घाम आला. लोखंड वाईट आहे, की मलाच ऐकू येत नाही, हे मला ठरवता येईना. आजवर मला सगळेच सारखे वाटत आले होते. चांगले होते तेव्हाही. आता माझ्या हातातून काढून घेणारं कुणी नव्हतं.

खुरपीवाला गिऱ्हाईक हसला. "मामा, भांड्याचं दुकान न्हाई हे. काहून वाजवून राहिले?"

"गप रे तू," उत्तमसिंग त्याला म्हणाला.

मी पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागलो. रामजी म्हणाला, "दादा, दिस चालला." मी थांबलो आणि उत्तमसिंगकडे बघितलं.

"मला आवाज कळत न्हाई, उत्तम. तुही मामी असती तर तिनं सांगितलं असतं. तूच सांग. ह्यातली कोणती नेऊ?"

तो रस्त्याकडे बघू लागला. रस्त्यानं खताची ट्रॉली गेली.

"एकबी नगा नेऊ, मामा."

"काहून?"

"पाषाणात चालणार न्हाई. गाळात, मातीत चालंल, थोडे दिवस. बाबा व्हते तवर नांदेडचा माल यायचा. त्या लोहारांचा धंदा बसला. आता बाहेरून गाडी येते, सारा माल पत्र्याचा. आमचा चांद बी तिकडूनच चिटकवून येतो."

"तुला ठावं हाय, तरी इकतो?"

"म्या न्हाई ठिवला तर लोक समोरच्या दुकानात जातात. समोर बी हाच माल हाय, मामा. फकस्त त्याच्यावर चांद न्हाई."

"मोठ्या शेठची पहार व्हती दुकानात. ती?"

"शटर बसवलं तवा भंगारात गेली." तो खाली बघत होता. मग जरा जवळ येऊन हळू बोलला, "गॅरेजवाल्या देवलाकडं जा. त्याच्यापाशी ट्रकचा जुना ॲक्सल हाय, टोक काढलेला. त्यानं फुटंल. अन् मामा, मी धाडलं म्हणून नगा सांगू."

मी उतरलो. मागे खुरपीवाला उत्तमसिंगला म्हणत होता, "बांधून दे, शेठ." त्यानं सगळं ऐकलं होतं. रामजीनं त्याला विचारलं, "आरं, ऐकलं न तू?" तो म्हणाला, "ऐकलं न भाऊ. पण उद्या बाया कामाला येऊन राहिल्या. त्यांच्या हातात काय देऊ?"

देवला ट्रकखाली झोपून काम करत होता. तसाच खालून बोलला. मी कशाला पाहिजे ते सांगितल्यावर बाहेर आला आणि हात पुसले. ॲक्सल भिंतीशी उभा होता, माझ्या खांद्याएवढा, काळा, तेलकट, एका टोकाला घासून अणी काढलेली. "न्या मामा," तो म्हणाला. "फकस्त सकाळी आणून द्या. त्याच्याबिगर माझी चाकं हलत न्हाईत."

मी तो उचलला. हात खाली गेला एवढा जड. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता, त्यावर मी तो टेकवल्यासारखा मारला.

आवाज आला आणि राहिला. मनगटात आला, मग कोपरापर्यंत. मी तसाच उभा राहिलो. ती एवढी वर्षं काय ऐकत होती ते मला तिथं, त्या गॅरेजसमोर कळलं. घरी जाऊन तिला सांगावं असं मनात आलं आणि मग आठवलं.

"दादा," रामजी म्हणाला, "चला."

आम्ही थेट शेतात गेलो. प्रेमानंद तिथं येऊन बसला होता. ऊन पिवळं झालं होतं. गड्यांनी ॲक्सल घेतला आणि खड्ड्यात सोडला. पहिल्यांदा दगडाला चीर गेली. मग आळीपाळीनं दोघं मारायचे, बाकीचे फुटलेली ढेकळं हातानं बाहेर फेकायचे, कारण फावड्यांच्या कडाही वळून गेल्या होत्या. ॲक्सल जड होता. गडी सकाळपासून उपाशी होते, आमच्याकडे माती होईपर्यंत कुणी जेवत नाही. त्यांचे हात फुटले होते. थोड्या वेळानं काम मंदावलं.

मी खड्ड्यात उतरलो.

"दादा, तुमी न्हाई," रामजी म्हणाला. "घरच्यानं हात लावू नये."

"सर बाजूला."

मी मारू लागलो. मला म्हाताऱ्याला तो धड उचलत नव्हता, पण त्याच्या वजनानं तो आपोआप खाली जायचा. काही वेळानं दुसरे हात आले आणि त्यांनी तो माझ्यासोबत धरला. प्रेमानंद होता. कंपनीची पँट चिखलात, बूट चिखलात. आम्ही दोघं मारत राहिलो.

दिवस निंबाच्या बुंध्यामागे गेला तेव्हा खड्डा माझ्या कमरेला लागत होता. छातीला नव्हे, कमरेला. मी अजून एकदा ॲक्सल उचलायला गेलो आणि तो माझ्या हातून निसटला.

"बाबा, बास," प्रेमानंद म्हणाला.

"अजून व्हायला पाह्यजे."

"दिस टेकला. तुमी म्हणले व्हते."

मला वाटलं तो आता स्मशानाचं बोलेल. तो खड्ड्याच्या कडेला हात टेकून उभा होता, सरिताच्या बाजूला. मग म्हणाला, "आणा आईला. वरून दगड टाकू. लई टाकू."

जनकाला आणलं. पाणंदीत खांदेकरी दोनदा घसरले, पण तिला पडू दिलं नाही. वंदना झाली. मेणबत्त्या लावल्या, त्या वाऱ्यानं राहिनात. त्रिशरण माझ्याऐवजी ज्योतीनं म्हटलं. प्रत्येकानं मूठमूठ माती टाकली. ती माती नव्हती, फोडलेला मुरूम होता, त्याचा आवाज होत होता. मग अंधार पडेपर्यंत सगळ्यांनी दगड वाहिले. मोडके टिकाव आणि ती वाकलेली पहारही रामजीनं दगडांवर ठेवली. तेवढंच वजन, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ॲक्सल धुऊन देवलाला दिला. तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला. ज्योती गेली. प्रेमानंदला रजा नव्हती, तोही गेला. जाताना म्हणाला, "बाबा, तुमी संगं चला." मी म्हणालो, सोयाबीन उभं आहे. सोयाबीन खरंच उभं होतं, पण मी त्यासाठी थांबलो नव्हतो.

मी रोज सकाळी निंबाखाली जात होतो. काही दिवस सगळं ठीक होतं. टिकावांचा निळा रंग उडून खाली गंज आला, कागदाचे चांद मात्र तसेच होते. मग एक दिवस गेलो तर पायाकडचे दगड विस्कटलेले होते. कडेनं नांगरल्यासारखा मुरूम उकरलेला. रानडुकरांच्या खुरांचे ठसे होते. आत पोचली नव्हती. पण पुन्हा येणार होती.

मी दगड परत रचले. एकट्यानं जेवढे आणता आले तेवढे आणले. मग ठरवलं, चारी बाजूंनी खांब रोवून तारेचं कुंपण करायचं. खांब होते, तारही होती. खड्डे घ्यायला पहार नव्हती.

देवलाकडे गेलो तर गॅरेजला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, त्यानं सगळं गुंडाळलं आणि कनेरगाव नाक्याला गेला, तिकडं गाड्या जास्त आहेत. मग उत्तमसिंगच्या दुकानात गेलो.

तो एकटाच होता. "मामा," एवढंच म्हणाला.

"पहार दे."

"मी सांगितलं व्हतं न तुमाला."

"सांगितलं व्हतं. खांब तर रोवायचे हायत. डुकरं लागली."

त्याचं तोंड उतरलं. तो आत जाऊन पहारी घेऊन आला आणि या वेळी काउंटरवर न ठेवता स्वतःच उंबऱ्यापाशी जाऊन बसला. एकेक उचलून दगडावर वाजवू लागला. मी त्याला असं करताना कधी बघितलं नव्हतं. तो मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. शेवटी एक माझ्यासमोर धरली. "ही जरा बरी वाटते."

"तुला आवाज कळतो का?"

त्यानं पहार खाली टेकवली. "न्हाई, मामा," म्हणाला. "बाबाला कळायचा."

मी ती घेतली. त्यानं पैसे नको म्हटलं, मी काउंटरवर ठेवले.

निंबाखाली आलो. जनकाच्या डोक्याच्या बाजूनं पहिला खांब रोवायचा होता. मी चांदाचा कागद नखानं खरवडून काढला आणि पहार मुरमात मारली. वीतभर गेली. मग पाषाण लागला आणि टोक वळलं. मी पहार उलटी केली आणि दुसऱ्या टोकानं मारू लागलो.